अकरा चौघड्या आणि एक दुपटं: प्रकल्प नोंदी

४ मे २०२५, रविवार

फोंड्याकडच्या एका वृद्धाश्रमात जाऊन आले. जाऊबाईही होत्या. तिथे बायकांच्या दालनात अकरा खाटा आहेत. त्यांच्यासाठी पांघरुणं शिवायची हे घरून ठरवूनच निघालो होतो. कशी शिवायची, ते मात्र तिथल्या सिस्टरना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, असं मी आधीच म्हटलं होतं.

कपाटावर रजयांचा गठ्ठा दिसला. कुणीतरी प्रेमानेच दिलेल्या, कोऱ्या करकरीत. वापरत का नाही म्हणून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "बाई, ह्या अंगावर घेतल्या की घाम फुटतो आणि धुतल्या की तीन दिवस वाळत नाहीत. आमच्याकडे धुणं रोजचं." रोजचं का, ते दालनात फिरल्यावर कळलंच. अकरापैकी चौघीजणी अंथरुणातून उठत नाहीत.

गोव्यात किनारपट्टीला जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण २० अंशांच्या आसपास असतो. कापूस भरलेल्या रजईचं इथे काम नाही. म्हाताऱ्या माणसांना इथे गारठा जाणवतो तो पावसाळ्यात, नाहीतर बाराही महिने पंख्याखाली. त्यांना हवं असतं अंगाला चिकटून बसणारं, हलकं, घाम टिपणारं सुती पांघरूण. म्हणजे आपली चौघडीच, जुन्या लुगड्याचे चार पदर एकत्र शिवलेली.

सिस्टरनी आणखी सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते, कारण सगळं काम त्यावरच बेतायचं आहे. घरगुती वॉशिंग मशीनमध्ये दोन मावल्या पाहिजेत. गरम पाणी सोसलं पाहिजे. टिकल्या, आरसे, बटणं काही नको. गडद रंग नको. मला वाटलं होतं, डाग दिसू नयेत म्हणून गडदच मागतील. उलट निघालं. रक्ताचा, पुवाचा डाग गडद कापडावर लपतो आणि पाठीवरची जखम दोन दिवस उशिरा लक्षात येते. दोऱ्याच्या गाठीही बाहेर नकोत. जिला आपली आपण कूस बदलता येत नाही, तिच्या कातडीला एवढीशी गाठ तासन् तास रुतली तरी तिथे लाल चट्टा उठतो आणि त्याचंच पुढे बेडसोअर होतं.

खाट मोजली. ३ फूट रुंद, ६ फूट लांब.

९ मे, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची गर्दी, सुकी मासळी आणि मिरच्यांच्या राशींमधून वाट काढत दोऱ्यापर्यंत पोचले.

दुकानदार पॉलिएस्टरचा दोरा घ्या म्हणत होता, तुटत नाही म्हणून. तो तुटत नाही, पण कापड कापतो. वीस-वीस वर्षं धुऊन मऊ झालेल्या लुगड्यात पोलादी ताकदीचा दोरा घातला तर ताण आला की दोरा टिकतो आणि टाक्याच्या भोकापाशी कापड फाटतं. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड गेलं की गेलं. जाड सुती दोराच घेतला, पांढरा आणि फिका पिवळा. लांब नाकाच्या सुया, तीन अंगुस्तानं आणि मेणाची एक वडी. मेणावरून दोरा ओढून घेतला की त्याला पीळ पडून गुंता होत नाही.

सुयांचं पाकीट उघडून घरी मोजल्या. वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहिला. रोज संध्याकाळी उठताना तेवढ्या भरल्या पाहिजेत. एक कमी असली तर ती सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. हा नियम सासूबाईंचा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

११ मे, रविवार

गावातून आलेल्या साड्यांची निवड. ओसरीवर ढीग घातला. सासूबाई, शेजारच्या काकी, जाऊबाई आणि मी.

लोक साड्या मन लावून देतात. काहींनी धुऊन, इस्त्री करून, कापराची वडी घालून दिल्या. पण 'सुती' म्हणून दिलेलं सगळंच सुती नसतं. हाताला कळतं बऱ्यापैकी, तरी खात्रीसाठी प्रत्येकीच्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहिला. सुती धागा कागदासारखा भुरूभुरू जळतो, कागद जळल्याचाच वास येतो आणि राख बोटात धरली की पीठ होते. टेरिकॉटचा धागा आधी आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. मणी आला की ती साडी बाजूला. एक फार सुंदर अबोली रंगाची होती, काकींना मोह होत होता. मणी निघाला. बाजूला ठेवली.

ह्यात हट्ट नाही. टेरिकॉट घाम टिपत नाही आणि पेटलं तर अंगाला चिकटतं. देवाच्या समईपाशी पांघरूण घेऊन बसणाऱ्या आज्या आहेत तिथे.

सुती निघालेल्या साड्या उजेडासमोर धरून पाहिल्या. निऱ्या जिथे खोचतात ती जागा आणि बसण्याची जागा सगळ्यात आधी विरते. पदर आणि काठ शेवटपर्यंत ठणठणीत राहतात. विरलेला भाग कापून काढायचा, काठ उसवून गोटाला ठेवायचे. काठाची वीण घट्ट असते आणि पांघरुणाची कड सगळ्यात आधी झिजते, तेव्हा कडेला काठासारखं दुसरं काही नाही.

हिशेब सोपा निघाला. नऊवारी लुगडं साधारण ८ मीटर लांब, सव्वा मीटरला थोडं कमी पन्ह्याचं. दोन-दोन मीटरवर चार घड्या घातल्या की चार पदर तयार. तीन फुटी खाटेवर दोन्ही बाजूंना वीतभराच्या आत खाली येतं, पायाशी थोडं खोचायला उरतं. जोड देण्याचीही गरज नाही. जुन्या बायकांनी हे माप काही उगाच धरलं नव्हतं. पाचवारी असेल तर मात्र दोन लागतात. एकीतून दोन-दोन पदर निघतात आणि उरलेल्या दीड मीटरमधून ठिगळं.

१४ मे, बुधवार

आज एका आजीबाईंनी त्यांच्या सासूचं कुणबी लुगडं आणून दिलं. लाल चौकडीचं, आखूड, जाड सुताचं. "पेटीत पडून आहे, कापा आणि लावा कामाला," म्हणाल्या.

मी ते कापणार नाही असं सांगितलं. गावडा-कुणबी बायकांचं हे नेसणं शेतात वाकून काम करता यावं असं गुडघ्याच्या खालपर्यंतच येणारं आणि खांद्यावर गाठ मारलेलं असायचं. हे कापड गोव्यातून जवळजवळ नाहीसंच झालं होतं. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा लोकांपुढे आणलं. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. आता नव्याने विणलेली कुणबी साडी दुकानात मिळते. पण अंगावर वापरलेली, शेतातल्या चिखलाची धुलाई झालेली जुनी लुगडी किती घरांत उरली असतील? दान म्हणजे हाताला येईल ते कापणं नव्हे. आजीबाईंना म्हटलं, हे नातीला द्या आणि कुणाचं होतं ते तिला सांगा. त्यांनी बदल्यात दोन पांढरे पंचे दिले.

तेवढ्यात त्या लाल सुताचा रंगही पाहून घेतला, कारण लाल काठ पुष्कळ जमले आहेत. कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवला आणि वरून गरम इस्त्री दाबली. फडकं गुलाबी झालं. लाल, मरून आणि गर्द निळा ह्या तीन रंगांची प्रत्येक पट्टी अशीच तपासायची. पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळी धुवायची. तरीही रंग सोडत राहिली तर चौघडीला लावायचीच नाही. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण तयार रंगवलेल्या कापडाला त्याचा काही उपयोग होत नाही. जादा रंग धुऊन काढणं हाच उपाय.

२१ मे, बुधवार

पावसाने मे महिन्यातच गाठलं. दोरीवरची कापडं अर्धी ओली असतानाच आत घ्यावी लागली. पुढचे चार महिने वाळवण हेच मोठं काम असणार.

१ जून, रविवार

पहिली चौघडी अंथरली.

अंथरणं हे शिवण्याइतकंच कौशल्याचं काम आहे. माजघरातली जमीन पुसून कोरडी केली. चार घड्या घातलेलं लुगडं पसरून दोघींनी दोन टोकं धरली आणि सासूबाईंनी तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत नेल्या. प्रत्येक पदर वेगळा बसवायचा. खालच्या पदरात एक चुणी राहिली तर वरून काही दिसत नाही, पण शिवल्यावर ती कायमची आत अडकते. मग वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले. हे नंतर काढायचे असतात, म्हणून गर्द निळ्या दोऱ्याने, लांब आणि सैल.

वरच्या बाजूला विरलेल्या जागी फिकी ठिगळं: बदामी, फिका हिरवा, दुधी, एक बारीक गुलाबी ठिपक्यांची. ठिगळाचा उभा धागा खालच्या कापडाच्या उभ्या धाग्याला धरूनच लावायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात एक एकीकडे आणि दुसरं दुसरीकडे आक्रसतं. ठिगळं आदल्या दिवशी गरम पाण्यातून काढून घेतलेली आहेत, म्हणजे जे काय आटायचं ते आटून झालं.

दोरा हातभर, त्याहून लांब नाही. गाठ मारून सुई वरच्या पदरातून आत घालायची, जरा पुढे काढायची आणि हलकासा झटका द्यायचा. 'टप्' असा अगदी बारीक आवाज होतो आणि गाठ पदरांच्या मध्ये जाऊन बसते. बोट फिरवून पाहिलं तर लागत नाही. काकी दिवसभर हेच करून पाहत होत्या, त्यांना तो आवाज आवडला.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. दुपारनंतर बसलो. दोनच ओळी झाल्या.

२२ जून, रविवार

दोन पद्धतींवर चर्चा, आणि चर्चा चांगली रंगली.

जाऊबाई लांबीच्या सरळ ओळी घालतात, मधल्या ओळीपासून सुरुवात करून दोन्ही कडांकडे. सैल कापड कडेला सरकत जातं आणि शेवटी गोटाखाली झाकता येतं. सासूबाई कडेपासून सुरू करून आत-आत वळत जातात, चौकोनात चौकोन, शेवट बरोबर मधोमध. त्यात सैल कापड मध्ये गोळा होण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येक फेरीला हाताने सारून घ्यावं लागतं. पण कड आधी पक्की होते आणि ती टिकायलाही चांगली.

गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागांत, सिद्दी बायका कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवतात त्याही कोपऱ्यापासूनच निघतात. त्यांच्यातल्या अनेकांचे आफ्रिकी पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्याच्या बंदरात उतरवले होते, तिथून सुटून काही जण घाट चढून जंगलात गेले. ज्यांना इथे माणूस म्हणून वागवलं गेलं नाही, त्यांच्या लेकीसुनांच्या हातची कवंदी आज संग्रहालयांत मांडली जाते. त्यांच्याकडे ठिगळं आधी जोडून मग शिवत नाहीत. एक-एक तुकडा ठेवत, त्याच टाक्यात खालचे पदरही धरत पुढे जातात. तयार झाल्यावर चारी कोपऱ्यांना तिकोनी घड्यांचं फूल लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

आम्ही ठरवलं ते असं: खाटेच्या चौघड्या कडेपासून आत. कोपऱ्याला फूल नाही, कारण लोंबणारं काही नको. फूल भाचीच्या होणाऱ्या बाळाला भेट द्यायच्या दुपट्याला लावू.

मध्यावरचा शेवटचा तुकडा लावताना सासूबाईंच्या माहेरी, सत्तरी तालुक्यात, आत तांदळाचे चार दाणे ठेवतात. पांघरुणाचं पोट रिकामं ठेवू नये म्हणून. इथे रोजचं गरम पाण्याचं धुणं, दाणे फुगतील, किडे येतील. मी काही बोलले नाही. सासूबाईंनीच थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "पिवळ्या दोऱ्याची चार बोंडं काढ आतल्या बाजूला. तेच तांदूळ." तसंच करायचं ठरलं. मधल्या तुकड्याखाली, पदरांच्या आत, चार पिवळे टाके.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. सगळ्या अकरा शिवत बसण्याआधी दोन नमुने वृद्धाश्रमात देऊन आले. एकीच्या ओळींत दोन बोटांचं अंतर, दुसरीच्या एक बोटाचं. बाकी कापड, दोरा, पदर सगळं सारखं. सिस्टरना सांगितलं, ह्या जपून वापरायच्या नाहीत. इतर चादरींसारख्याच धुवा.

ह्यावरून घरी थोडं झालं. जाऊबाईंचं म्हणणं, दोन बोटांची चौघडी निम्म्या वेळात होते, दान द्यायचं तर इतकं बारीक कशाला, तेवढ्या वेळात दुप्पट माणसांना देता येईल. मुद्दा खोटा नाही. अंगावर काहीच नसलेल्या माणसाला आज रात्री पांघरूण हवं असतं, तिथे मीही दोन बोटांचीच शिवीन. पण इथे पांघरूण नाही असं नाही. कपाटावर रजया पडल्या आहेत. उणीव आहे ती वापरता येईल अशा पांघरुणाची. माझ्या भाचीच्या घरी दिलेलं दुपटं महिन्यातून चारदा धुतलं जाईल, तेही हाताने, हळुवार. इथली चौघडी एक-दोन दिवसाआड मशीनमध्ये पिळली जाणार. जास्त सोसायचं कुणाला आहे? मग जास्त पक्कं शिवायचं ते कुणाचं?

जाऊबाई म्हणाल्या, नमुने परत येऊ देत, मग बोलू. ते रास्त आहे.

१५ जुलै, मंगळवार

तिसरी चौघडी वाळेना. कोरडी असताना किलोभराची, पाणी प्यायली की उचलवत नाही. सरी थांबत नाहीत, हवा इतकी दमट की दोरीवरचं कापड संध्याकाळी सकाळपेक्षा जड लागतं. घडीच्या आतल्या बाजूला राखाडी ठिपके दिसले. बुरशी. एकदा सुतात मुरली की काळा डाग पूर्ण जात नाही आणि दम्याच्या माणसाला तिचा त्रास होतो.

काकींनी चुलीवरच्या दांडीवर टाकू म्हटलं, पूर्वी पावसाळ्यात सगळं तिथेच वाळायचं. पण धुराचा वास महिनाभर राहतो. शेवटी पंख्याखाली दोन दोऱ्या बांधून त्यांवर चौघडी तंबूसारखी पसरली, आतून हवा खेळेल अशी, आणि रात्री इस्त्री फिरवून पदरांतली ओल काढली. ठिपक्यांच्या जागी ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर कोमट पाण्यात घालून भिजवलं. ठिपके गेले.

ह्यामुळेच चार पदरांच्या वर जायचं नाही हे पक्कं झालं. घाटावर सहा-सात पदरांची वाकळ करतात, ती तिथल्या कोरड्या थंडीला ठीक आहे.

साठवणीत डांबरगोळ्या घालायच्या नाहीत, कुणीही नाही. दुपट्याच्या कापडाजवळ तर मुळीच नाही. जन्मतः जी-सिक्स-पीडी ह्या विकराची कमतरता असलेली बाळं असतात. नॅप्थालीनच्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांनी त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. वाळवलेला कडुनिंब आणि फडक्यात बांधलेल्या लवंगा ठेवल्या.

२७ जुलै, रविवार

नमुने परत पाहिले. ह्या प्रकल्पातला मला सगळ्यात मोलाचा दिवस.

दोन बोटांची चौघडी खिडकीसमोर धरली. आतले दोन पदर ओळींच्या मध्ये सरकून दोरखंडासारखे गोळा झाले होते. एका बाजूला नुसता एक पदर, पलीकडून बोट दिसतं. एका कडेला दोरा तुटला होता आणि तिथून ओळ जवळजवळ हातभर सुटत गेली होती. तीन आठवड्यांत.

एक बोटाची चौघडी थोडी आक्रसली होती, टाक्यांच्या मध्ये बारीक फुगवटे आले होते, आणि त्यामुळे ती उलट जास्त मऊ आणि उबदार लागत होती. पदर जागचे हलले नव्हते. दोरा एका ठिकाणी तुटला होता, पण ओळ फक्त चार बोटं सुटली होती. कारण सासूबाईंनी वीत-वीतभर अंतरावर एक उलटा टाका घातला होता. धावदोऱ्यात मधूनमधून उलटा टाका असला की सुटत आलेली ओळ तिथे अडते.

जाऊबाईंनी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. नंतर म्हणाल्या, "एकच बोट. आणि उलटा टाका वीतभरावर नको, अर्ध्या वितीवर घालू." तेव्हापासून त्याच सगळ्यांची पहिली ओळ आखून देतात.

सिस्टरनी दोन गोष्टी सांगितल्या. गोट चारी बाजूंनी दुहेरी करा, मशीनमध्ये कडच घासते. आणि एका कोपऱ्यावर ओळखीची खूण करा, कारण आज्या आपापली चौघडी ओळखू लागल्या आहेत आणि दुसरीची दिली तर घेत नाहीत. प्रत्येकीच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाच्या तीन आडव्या ओळी घालायचं ठरलं. लिहिलेलं नाव नको. माणूस बदलतं तेव्हा नाव उसवायची वेळ कुणावर येऊ नये.

२० ऑगस्ट, बुधवार

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आली. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी, फराळ, पाहुणे. काम पुढल्या महिन्यापर्यंत बंद. सुया मोजून डब्यात ठेवल्या.

३१ ऑगस्ट, रविवार

भाचीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाळ जन्माला यायच्या आधी त्याचं काही शिवायचं नाही, असा घरचा रिवाज. त्यामुळे दुपट्याला आज सुरुवात.

भाचीच्या पणजीची मलमलीची नऊवारी आहे, वापरून वापरून लोण्यासारखी झालेली. तिचे तीन पदर. वर सासूबाईंच्या जुन्या पातळाचे तुकडे, फिके निळे आणि पांढरे. मध्यावर मात्र खरेच चार तांदूळ हवेत असं सासूबाईंनी सांगितलं. बाळाच्या अंगाखाली दाणा कशाला, असं भाची म्हणाली. मग इथेही पिवळे टाकेच. ह्यावेळी भाचीने स्वतः घातले.

हे दुपटं बाळाला खाली जमिनीवर अंथरायला आणि जागेपणी कुणी जवळ असताना गुंडाळायला आहे, हे भाचीला नीट समजावलं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सैल पांघरूण घालू नये, तोंडावर आलं तर बाळाला ते दूर करता येत नाही. बालरोगतज्ज्ञ हे आवर्जून सांगतात. आजीच्या हातचं असलं तरी पाळण्यात झोपलेल्या बाळावर घालायचं नाही. सासूबाईंनीही मान डोलावली.

कोपऱ्यांना कवंदीसारखी तिकोनी फुलं लावली, पण सगळ्या बाजू टाक्यांनी बंद करून. बोट अडकेल अशी फट ठेवली नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वृद्धाश्रमातल्या एका आजींविषयी. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. दिवसभर पांघरुणाच्या कडेचा दोरा शोधून उपसत बसतात. चौघडी त्यांच्या हाती दिली तर आठवड्यात उसवून होईल. आणि तो त्यांचा चाळाही नव्हे, हातांना काम हवं आहे.

त्यांच्यासाठी मांडीवर मावेल एवढंच एक वेगळं केलं. इरकली काठाचा खरखरीत तुकडा, खणाचा चकचकीत, मखमलीचा एक, पंच्याचा भरडा, आणि जाड दोऱ्याची घट्ट विणलेली वेणी, दोन्ही टोकांनी पक्की शिवलेली. तिच्यात बोट घालून मागेपुढे करता येतं. बटण एकही नाही, तोंडात घालायची भीती. काकींनी खणाचा तुकडा निवडला तेव्हा म्हणाल्या, ह्यांनी जन्मभर खणाच्या चोळ्या घातल्या असतील, हाताला तरी आठवेल.

आज नेऊन दिलं. आजींची बोटं आधी मखमलीवर गेली, मग काठावर, आणि काठावरच राहिली. सिस्टर म्हणाल्या, दुपारी जेवताना पांघरुणाला हात लावला नाही. एकाच दिवसावरून काही म्हणता येणार नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सुया, अंगुस्तानं, कात्री पाटावर मांडून पूजा झाली. अकरावी चौघडी काल रात्री पुरी झाली.

संध्याकाळी तपासणी. प्रत्येक चौघडी जमिनीवर पसरून लोहचुंबक हळूहळू सगळीकडे फिरवला, दोन्ही बाजूंनी. सुया वहीतल्या आकड्याप्रमाणे भरल्या होत्या, तरीही फिरवला, कारण तुटलेलं टोक मोजण्यात येत नाही. कच्च्या टाक्यांचा निळा दोरा कुठे राहिलाय का ते पाहिलं. मग डोळे मिटून तळहाताने गाठी चाचपल्या. हे काम जाऊबाईंनी केलं, त्यांचा हात सगळ्यांत हलका. तीन ठिकाणी गाठ वर आलेली सापडली, आत ढकलली.

शेवटी सगळ्या एकदा गरम पाण्यातून काढून वाळवल्या. आता ऊन आहे. सकाळी टाकल्या, तिसऱ्या प्रहरी कडकडीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

देऊन आलो. चौघीही गेलो होतो. सासूबाई पहिल्यांदाच आल्या आणि त्यांना खाटांमधून एकेक चौघडी स्वतः पसरायची होती.

कुणाची कोणती हे आम्ही ठरवलं नाही. आज्यांनी निवडल्या. दोघींना एकच हवी होती, गुलाबी ठिपक्यांची. त्यावरून बराच वेळ बोलाचाली झाली आणि शेवटी जिची खाट खिडकीजवळ आहे तिने दुसरी घेतली, तीही खिडकी सोडणार नाही ह्या अटीवर. ज्या चौघी उठत नाहीत त्यांच्यासाठी सिस्टरनी चौघडी अंगावरच घालायची, पाठीखाली नाही, असं ठरवलं. पाठीखाली सपाट चादरच हवी.

मांडीवरच्या छोट्या पांघरुणाचं विचारलं. वेणी एका टोकाला सैल झाली आहे, बाकी ठीक. आजी ते रोज मागतात. दुसरं हवं, म्हणजे एक धुण्यात असताना दुसरं हाताशी राहील. मखमल कमी, काठ जास्त.

ठरलं ते: दर तीन महिन्यांनी आमच्यातल्या कुणीतरी दोघींनी जायचं, तुटलेल्या ओळी आणि झिजलेला गोट दुरुस्त करायचा. प्रत्येक चौघडीला वापरलेल्या दोऱ्याचं रीळ आणि ठिगळांचे उरलेले तुकडे वेगळ्या पिशवीत, खुणेच्या रंगाप्रमाणे, बांधून ठेवले आहेत. पहिली फेरी जानेवारीत.

पुरुषांच्या दालनात नऊ खाटा आहेत. त्यांच्यासाठी धोतरं जमवायला काकी उद्यापासून सुरुवात करताहेत. धोतर मधोमध फार लवकर विरतं, म्हणून एका चौघडीला दोन धरायची आणि मधल्या भागाला पंच्याचा पदर द्यायचा. सुती दोरा कमी पडेल. दिवाळीच्या गर्दीआधी, येत्या शुक्रवारीच म्हापशाला जायला हवं.